तीस वर्षांची बोर्डो: उघडण्याआधीचे दोन दिवस आणि ग्लासातले दोन तास

जुनी रेड वाइन तळघरात पडून जेवढी बिघडते, त्याहून जास्त वेळा ती शेवटच्या दोन दिवसांत, आपल्याच हातांनी बिघडते. प्रवासातून आलेली बाटली त्याच रात्री उघडायची, बूच ओढताना ती गदगदा हलवायची, मोठ्या डिकँटरमध्ये (वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत) ओतून दोन तास ‘श्वास घ्यायला’ ठेवायची आणि मग मुंबईच्या तीस अंशांत प्यायची. एवढं सगळं सोसल्यावर वाइन सपक लागली, तर दोष वाइनचा नसतो.

हे सगळं एका ठरावीक बाटलीला धरून लिहितो आहे, म्हणजे मोघम सल्ले होणार नाहीत. बाटली फ्रान्समधल्या बोर्डोची, जिरोंद खाडीच्या डाव्या काठावरच्या पोयाक गावची, साल १९९६. मेदोकमध्ये, म्हणजे डाव्या काठावरच्या या पट्ट्यात, त्या वर्षीचा सप्टेंबर कोरडा आणि थंड गेला, त्यामुळे उशिरा पिकणारी कॅबर्ने सोव्हिनियाँ जातीची द्राक्षं छान तयार झाली आणि त्यांचा आंबटपणाही शाबूत राहिला. उजव्या काठावर, जिथे मर्लो या द्राक्षाचं राज्य आहे, ते वर्ष तितकं साधलं नाही. म्हणून १९९६ म्हटलं की जाणकार आधी काठ विचारतात. आणि लाफीत, लातूर, मूताँ या पोयाकच्या सर्वांत बड्या नावांच्या मागे धावायची गरज नाही. बोर्डोच्या वाइन-मळ्यांना पाच श्रेणींत बसवणाऱ्या १८५५ च्या वर्गवारीत पोयाकचे १८ शातो (मळे) आहेत, त्यातले १२ पाचव्या श्रेणीतले. लँश-बाज, पाँते-काने, ग्राँ-प्युई-लाकोस्त ही त्यातलीच नावं. जुन्या वाइनची चव काय असते हे शिकायला ही श्रेणी माझ्या मते सर्वांत चांगली.

बाटली हातात आल्यावर

आधी पातळी बघा. बोर्डोच्या बाटलीला मान आणि खांदा असे स्पष्ट भाग असतात, त्यामुळे वाइन कुठवर आहे हे नेमकं सांगता येतं. पातळी मानेत असेल तर उत्तम. मानेच्या बुडाशी असेल तर या वयाला अगदी ठीक. खांद्याच्या वरच्या भागापर्यंत उतरली असेल तरी घाबरायचं कारण नाही. अर्ध्या खांद्यावर आली असेल, तर बुचातून अपेक्षेपेक्षा जास्त हवा आत गेली आहे असं समजा. पैसे देऊन अशी बाटली घेऊ नका, भेट आली असेल तर आशा बेताची ठेवून उघडा.

मग वरची टोपी, म्हणजे बूच आणि मान झाकणारं वेष्टन. तिच्याखालून वाइन झिरपल्याचा चिकट डाग आहे का? बूच काठाच्या वर फुगून आलंय का? आलं असेल तर बाटलीने कधीतरी उष्णता सोसली आहे. तापल्यावर द्रव प्रसरण पावतो आणि बूच वर ढकलतो. पुन्हा थंड झाला की आकसतो आणि बुचाच्या कडेने हवा आत ओढतो. टोपी काढल्यावर बुचावर काळपट बुरशी दिसली तर मात्र काळजी नको. बाटली दमट तळघरात होती एवढाच त्याचा अर्थ, आणि ती चांगलीच खूण आहे.

आपल्याकडे उष्णता हाच खरा शत्रू आहे. बोर्डोच्या तळघरात बारमाही १२-१३ अंश असतात. पुण्यातल्या कपाटात मे महिन्यात ३५ होतात. ‘गरमीत वाइन लवकर मुरते’ हा गैरसमज सोडून द्यायला हवा. तापमान वाढलं की सगळ्या रासायनिक क्रिया सारख्या प्रमाणात वेग घेत नाहीत. फळाचा गंध आधी मरतो आणि शिजवलेल्या जॅमची चव येते, पण तुरटपणा तिथेच बसून राहतो. वाइनचा कपाट-फ्रिज नसेल तर अशी बाटली वर्षानुवर्षं घरात ठेवूच नका. थोडे महिने ठेवायची वेळ आली, तर साधा फ्रिज दिवाणखान्यातल्या शोकेसपेक्षा शंभर पटींनी बरा.

परदेशातून येणाऱ्याने आणलेली बाटली असेल (ड्युटी-फ्री मर्यादा दोन लिटरची, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आरामात बसतात), तर तिला निदान दोन आठवडे विश्रांती द्या, महिनाभर मिळाली तर आणखी चांगलं. विमानाच्या प्रवासात तळाचा गाळ पूर्ण वाइनमध्ये मिसळलेला असतो. त्यातला बारीक भाग एका रात्रीत खाली बसत नाही.

गाळ येतो कुठून

हे समजलं की पुढची सगळी काळजी आपोआप पटते. ताज्या रेड वाइनचा जांभळा रंग द्राक्षाच्या सालीतल्या अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा. तुरटपणा टॅनिनचा, म्हणजे साल, बी आणि ओकच्या पिंपातून आलेल्या द्रव्यांचा. बाटलीत पडल्या पडल्या ही दोन्ही एकमेकांना आणि स्वतःच्या जातभाईंना जोडली जातात. साखळ्या लांबत जातात, रंग जांभळ्याकडून माणकासारख्या लालकडे आणि पुढे विटकरीकडे सरकतो. काही साखळ्या इतक्या जड होतात की वाइनमध्ये विरघळून राहू शकत नाहीत. त्या तळाशी बसतात. सोबत पोटॅशियम बायटार्टरेटचे बारीक खडेही असतात.

हा गाळ विषारी अजिबात नाही, पण कडू आणि खरखरीत असतो. तो ग्लासात आला, तर तीस वर्षांत मऊ झालेल्या वाइनवर पुन्हा कडवट थर चढतो. वाइन गढूळ दिसते हा मुद्दा दुय्यम. गंध आणि चव दोन्ही बोथट होतात, हे खरं नुकसान.

चांगल्या बुचातून वर्षाला साधारण एखादा मिलिग्रॅम ऑक्सिजन आत जातो. पण बूच हे झाडाच्या सालीचं, प्रत्येक तुकडा वेगळा. म्हणून एकाच खोक्यातल्या दोन बाटल्या तीस वर्षांनी दोन वेगळ्या वाइन असू शकतात. वर्षाची कीर्ती आणि समीक्षकांचे गुण वाचा जरूर, पण निकाल समोरच्या बाटलीवरूनच द्या.

दोन दिवस उभी

बाटली आडवी असेल तर दोन दिवस, जमलं तर तीन, उभी ठेवा. बोर्डोचा गाळ बहुधा तळाच्या खोबणीभोवती नीट बसतो. उन्हाळ्यात ती फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उभी करा, दारात नको, कारण दार उघडताना दर वेळी हिसका बसतो. वाढायच्या आधी सव्वा ते दीड तास बाहेर काढा. ग्लासात ओतताना १५-१६ अंश हवेत. आपल्या खोलीत ती दहा-पंधरा मिनिटांत १७-१८ ला पोचतेच. ‘रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यावी’ हा नियम युरोपातल्या जुन्या, गारठलेल्या दगडी घरांचा आहे. २८ अंशांत अल्कोहोल आधी नाकात शिरतं आणि बाकी सगळं मागे राहतं. स्वयंपाकघरातला साधा प्रोब थर्मामीटर वापरा, अंदाज नको.

ग्लास आणि डिकँटर सकाळीच हुंगून बघा. बंद कपाटाचा, लाकडाचा, साबणाचा वास ग्लासला फार लवकर धरतो. गरम पाण्याने दोनदा विसळा, उलटे टांगून वाळवा. वाढायच्या आधी चमचाभर दुसऱ्या कुठल्याही वाइनने ग्लास आतून ओला करून ती टाकून दिली तर उत्तम. त्या संध्याकाळी घरात उदबत्ती, अत्तर, मोगऱ्याचा गजरा आणि लसणाची फोडणी यातलं काहीही नको. हे ऐकायला कठोर वाटतं, पण जुन्या वाइनचा गंध इतका हलका असतो की शेजारच्या खोलीतली फोडणीही त्याला झाकून टाकते.

बूच

टोपी वरून नुसती गोल कापू नका, पूर्ण काढा. मान स्वच्छ दिसली पाहिजे, नाहीतर गाळ कधी आला ते कळणार नाही. १९९० च्या दशकात बंदी येईपर्यंत अनेक टोप्या शिशाच्या असत. त्याहून जुन्या बाटल्यांचा काठ आणि बुचाचा माथा ओल्या फडक्याने नीट पुसायलाच हवा. तशी सवय प्रत्येकच जुन्या बाटलीसाठी ठेवा.

मेदोकच्या चांगल्या वाइनची बुचं लांब असतात, पाच सेंटिमीटरच्या आसपास. तीस वर्षांत खालचं टोक वाइनने भिजून मऊ झालेलं असतं आणि वरचा भाग कोरडा, ठिसूळ. नेहमीच्या वेटर-ओपनरने तरफ दाबली की ताण नेमका या दोहोंच्या सांध्यावर येतो आणि बूच मधोमध तुटतं. यासाठी दोन पात्यांचं आ-सो ओपनर असतं. लांब पातं आधी, आखूड नंतर, डावी-उजवीकडे झुलवत खाली न्यायचं आणि फिरवत फिरवत वर काढायचं. अडचण एवढीच की बूच आधीच सैल झालेलं असेल तर ही पाती त्याला आत ढकलतात. स्क्रू आणि पाती दोन्ही असलेलं ड्युरँड त्यासाठीच बनवलं गेलं. स्क्रू बुचाला वरून धरून ठेवतो, पाती बाजूने सोडवतात. महाग आहे, पण वर्षाला दोन-तीन जुन्या बाटल्या उघडत असाल तर पैसे वसूल होतात.

दोन्ही नसतील तर लांब, पोकळ वळणाचा स्क्रू घ्या. तो अर्ध्यावर थांबवू नका, जवळजवळ पूर्ण आत जाऊ द्या. बुचाच्या तळाला भोक पडून चार कण वाइनमध्ये पडले तरी चालतील, ते गाळता येतात. ओढताना बाटली टेबलावरच राहू द्या, मांडीत धरू नका. अर्धं बूच आत राहिलं तर स्क्रू तिरका घाला, तुकडा काचेच्या भिंतीला दाबून धरत हळूच वर घ्या. तुकडा आत पडलाच तर वाइन मलमलच्या कपड्यातून गाळा. कपडा नुसत्या गरम पाण्यात उकळलेला हवा, सुगंधी पावडरने धुतलेला नको. कॉफीचा कागदी फिल्टर वापरायचाच असेल तर आधी उकळत्या पाण्याने भिजवून घ्या, नाहीतर वाइनला कागदाचा वास येतो.

ओतणं

बाटलीच्या मानेमागे, खांदा सुरू होतो त्या ठिकाणी, खालून उजेड हवा. मेणबत्ती चालते, मोबाइलचा टॉर्च त्याहून चांगला. बाटली एकदा कलली की पुन्हा सरळ करायची नाही. हा एक नियम पाळला तरी अर्धं काम झालं. म्हणून अरुंद आणि रुंद अशी दोन्ही भांडी आधीच हाताशी ठेवा. पहिले वीस मिली चव बघायच्या ग्लासात घ्या, बाटली तशीच तिरकी धरून ठेवा, दुसऱ्या हाताने ग्लास हुंगा. पुढे कुठलं भांडं वापरायचं हे इथे ठरतं.

गंध नाजूक आणि उघडा असेल, रंग कडेला पार विटकरी असेल, तर अरुंद डिकँटर किंवा धुतलेली रिकामी बाटली घ्या आणि लगेच वाढा. गंध मिटलेला, फळ अजून गडद असेल, तर थोडा रुंद डिकँटर. चांगली सांभाळलेली पोयाकची १९९६ बऱ्याचदा या दुसऱ्या प्रकारात मोडते. तरीही अर्ध्या तासाहून जास्त मी डिकँटरमध्ये ठेवणार नाही. जी हवा लागायची ती ग्लासात लागू दे, म्हणजे बदल डोळ्यांदेखत घडतो. बोर्डोचे थोर वाइनशास्त्रज्ञ एमील पेनो याहून कडक मताचे होते. वाइन ओतायची ती केवळ गाळासाठी, आणि तीही अगदी वाढताना, असं ते सांगत, कारण हवेत गंध विरतो. जुन्या बाटल्यांच्या बाबतीत त्यांचं म्हणणं पटतं.

बारीक धार, एकसंध ओघ, दोन-तीन मिनिटं. बाटलीतून गुडगुड आवाज यायला लागला तर तुम्ही फार वेगाने ओतताय. शेवटाकडे मानेत आधी धुरासारखी पातळ रेघ दिसते, तिच्या मागून कणीदार गाळ येतो. रेघ दिसली की थांबा. बाटलीत चाळीस-साठ मिली उरतील. त्याचा मोह नको. तो मटणाच्या रश्शात घाला.

नाक, मग जीभ

एकेकाला साठ-सत्तर मिली पुरे. उरलेली डिकँटरमध्येच राहू द्या. सहा जणांहून जास्त लोक नकोत, कारण दुसरा आणि तिसरा घोट उरायला हवा.

पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका करा. मध्यभागी माणकासारखा लाल, कडेला विटकरी, अगदी टोकाला नारिंगी झाक, हा तीस वर्षांच्या कॅबर्नेचा निरोगी रंग. सगळीकडे सारखा चहासारखा तपकिरी असेल तर ऑक्सिडेशन, म्हणजे हवा जास्त लागून वाइन बिघडली. मग ग्लास न हलवता हुंगा. हलवायची घाई करू नका, सर्वांत हलके गंध पहिल्याच झुळकीत निघून जातात.

पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी विचित्र येईल, आणि इथेच लोक चुकीचा निकाल देतात. तीस वर्षं जवळजवळ हवेशिवाय राहिलेल्या वाइनला कोंदट, जरा गंधकाकडे झुकणारा वास असू शकतो. तो दहा-पंधरा मिनिटांत उडतो. बुचाचा दोष मात्र उलट वागतो. टीसीए नावाच्या रसायनामुळे येणारा भिजलेल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात न वाळलेल्या पोत्याचा वास वेळेबरोबर वाढत जातो आणि फळ दाबून टाकतो. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढंसं प्रमाणही त्याला पुरतं. तेव्हा शंका आली तर ग्लास झाकून वीस मिनिटं थांबा आणि पुन्हा हुंगा. नेलपॉलिश रिमूव्हरचा झोंबरा वास इथाइल ॲसिटेटचा. थोडा असेल तर जुन्या वाइनमध्ये खपतो, घशाशी लागला तर नाही. गोठ्याचा किंवा औषधी पट्टीचा वास ब्रेटानोमायसीस या यीस्टचा. त्या काळच्या बोर्डोत तो सर्रास सापडे आणि अनेकांना चिमूटभर आवडतोही. मला आवडतो, पण फळ त्याच्या वर दिसत असेल तरच.

दोष नसेल तर मात्र बसून राहावं अशी गोष्ट सुरू होते. पोयाकची ओळख म्हणजे पेन्सिल तासताना येणारा शिसं आणि देवदाराचा वास. तो कॅबर्ने आणि ओकच्या जोडीतून येतो आणि तीस वर्षांनीही टिकून असतो. त्याच्या आत काळ्या करवंदासारखं फळ असतं, पण ताजं नाही, सुकत आलेलं. मग तंबाखूची कोरडी पानं, चामडं, अळंबी, पावसात कुजणाऱ्या पानांचा ओलसर गंध. यातल्या अळंबीच्या, विशेषतः ट्रफल या जमिनीखालच्या सुगंधी अळंबीच्या, आणि ओल्या पानांच्या गंधामागे डायमिथाइल सल्फाइडचा हात असतो. हे द्रव्य बाटलीत वर्षानुवर्षं हळूहळू तयार होतं, त्यामुळे नव्या वाइनमध्ये हा गंध शोधून सापडणार नाही. ढोबळी मिरचीचा हिरवा वास आला तर तो द्राक्षातल्याच पायराझिन या द्रव्याचा. थंड वर्षांत, पुरत्या न पिकलेल्या कॅबर्नेत तो जास्त असतो.

घोट आठ-दहा मिलीचा घ्या, तोंडभर फिरवा, दहा सेकंद थांबा. लक्ष तीन ठिकाणी द्या. हिरड्यांवर टॅनिन: बारीक पुडीसारखं पसरतंय की खरवडतंय? जिभेच्या मध्यावर फळ: अजून गोडसर गाभा आहे की पोकळी? आणि गिळल्यावर चव किती सेकंद राहते, शेवटी काय उरतं? वाइनचा काळ सरला असेल तर शेवटी आंबटपणा आणि कोरडा तुरटपणा एवढंच हाती लागतं, कारण फळ आधी गेलेलं असतं. तुरटपणा उरलाय म्हणून ‘अजून ठेवली असती तर मऊ झाली असती’ असं वाटणं साहजिक आहे, पण फळ संपल्यावर थांबण्यात काही मिळत नाही.

दर पंधरा मिनिटांनी एक ओळ लिहा. १९९६ सारखी घट्ट बांध्याची वाइन पाऊण तासाने फुलते, तासभर तशीच राहते आणि मग उतरायला लागते. खूप जुन्या किंवा हलक्या सालाच्या बाटल्या वीस मिनिटांतच सगळं सांगून मोकळ्या होतात. मोठी चूक म्हणजे जेवण येईपर्यंत वाट बघणं. पहिला ग्लास अन्नाशिवाय प्या.

जेवायला पोयाकमध्ये कोवळ्या कोकराचं भाजलेलं मटण असतं, मीठ आणि थोडा लसूण एवढंच. आपल्या घरी याच्या सर्वांत जवळ जातं ते अळणी मटण, मसाला पडण्याआधीचं, आलं-लसूण, हळद आणि बेताचं मीठ घालून शिजवलेलं. तांबडा रस्सा दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा. तिखटाने अल्कोहोलची जळजळ वाढते आणि नाजूक गंध लागायचे बंद होतात. निळं चीज नको, कोंते (फ्रान्सचं कडक चीज) किंवा साधं जुनं गाईचं चीज चालेल.

हाच सोपस्कार नाशिकच्या रेड वाइनसाठी करावा का? बहुतेकींसाठी नाही. तिथे वेली पूर्ण झोपी जात नाहीत, वर्षातून दोनदा छाटणी होते, काढणी जानेवारी ते मार्चमध्ये. वाइन लवकर प्यायलाच बनवलेली असते, ती तीन-पाच वर्षांत मजेत प्यावी. पण ओतायचा हात बसवण्यासाठी पाच-सहा वर्षांची नाशिकची रिझर्व्ह शिराझ उत्तम. थोडा गाळ असतो आणि चुकलं तर नुकसान परवडतं.

उरलेली जुनी बोर्डो उद्यावर टाकू नका. दीड-दोनशे मिली राहिलीच तर लहान बाटलीत अगदी काठोकाठ भरा, हवा राहू देऊ नका, फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दुपारपर्यंत संपवा. आणि त्याच खोक्यातल्या आणखी बाटल्या तुमच्याकडे असतील, तर आज पातळी कुठे होती, बूच किती खोल भिजलं होतं आणि वाइन कितव्या मिनिटाला उतरायला लागली, हे बुचाला चिठ्ठी बांधून लिहून ठेवा. पुढची बाटली यंदा उघडायची की पाच वर्षांनी, याचा निर्णय त्या चिठ्ठीवरून घ्या.